पोलचे टक्के आणि डेलिगेटांचा हिशोब: अमेरिकेच्या प्रायमरीत मत नेमकं जातं कुठे?

२७ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. निकाल आले आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरू लागले. एकात लिहिलं होतं की डिअरबॉर्न शहरात बायडन हरले, गाझाच्या प्रश्नावर नाराज मतदारांनी त्यांना धडा शिकवला. दुसऱ्यात होतं की बायडन ८१ टक्के मतं घेऊन आरामात जिंकले, मुसलमानांच्या नाराजीने काडीचाही फरक पडला नाही. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना खोटं ठरवत होते. आमच्याकडेही विचारणा झाली की यातलं खरं कोणतं.

दोन्ही खरं होतं. डिअरबॉर्नमध्ये ‘अनकमिटेड’ या पर्यायाला ६,४३२ मतं पडली, म्हणजे ५७ टक्के, आणि बायडन यांना ४० टक्के. पूर्ण राज्यात मात्र बायडन यांना ८१ टक्के आणि अनकमिटेडला १३ टक्क्यांच्या थोडं वर. पण त्या रात्रीचा खरा निकाल सांगणारा आकडा तिसराच होता आणि तो फारसा कुणी फॉरवर्ड केला नाही: ११५ आणि २. बायडन यांचे डेलिगेट ११५, अनकमिटेडचे २.

एक लाखाहून जास्त मतं पडली आणि डेलिगेट मिळाले दोन. हे कसं झालं ते समजून घेतलं तर अमेरिकेच्या प्रायमरीबद्दलच्या निम्म्या बातम्या कशा वाचायच्या ते आपोआप कळतं. पुढची प्रायमरी २०२८ ला आहे, आणि पोलचे आकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या मोबाईलवर येऊन आदळणार आहेत. म्हणून हा हिशोब एकदा नीट मांडून ठेवतो.

आधी प्रायमरी म्हणजे काय ते

आपल्याकडे उमेदवार कोण हे पक्ष ठरवतो. तिकीट मुंबईत किंवा दिल्लीत वाटलं जातं, मतदाराला फक्त शेवटच्या दिवशी बटण दाबायचं असतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायलाच आधी एक निवडणूक होते, राज्याराज्यांत, वेगवेगळ्या तारखांना, जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. काही राज्यांत गुप्त मतदान होतं, तिला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत लोक शाळेच्या हॉलमध्ये वगैरे जमून सभा घेऊन ठरवतात, तिला कॉकस म्हणतात.

पण मतदार इथे थेट उमेदवार निवडत नाही. तो आपल्या राज्यातून पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला कोणाचे किती प्रतिनिधी जातील हे ठरवतो. हे प्रतिनिधी म्हणजे डेलिगेट. उन्हाळ्यात अधिवेशन भरतं, तिथे डेलिगेट मत देतात आणि ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त डेलिगेट तो उमेदवार. २०१६ ला डेमोक्रॅटिक पक्षाचे एकूण ४,७६३ डेलिगेट होते, म्हणून २,३८२ हा जादुई आकडा. आपल्याकडे विधानसभेत १४५ चा आकडा गाठायचा असतो ना, तसंच. राज्यात कुणाला किती टक्के मतं पडली यावर चर्चा खूप होते, पण सरकार बनतं १४५ वर.

म्हणून उमेदवारांच्या कचेऱ्यांत बसलेले जाणकार लोक टक्के पाहत नाहीत, डेलिगेट मोजतात. टीव्हीवर मात्र टक्केच दिसतात, कारण ते पटकन समजतात.

पंधरा टक्क्यांचा उंबरठा

डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात. ऐकायला हे अगदी न्यायाचं वाटतं. त्यात एक अट आहे: १५ टक्क्यांपेक्षा कमी मतं मिळाली तर एकही डेलिगेट नाही. जे या उंबरठ्याच्या आत आले त्यांच्यातच वाटणी.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा एका राज्यात ८ डेलिगेट आहेत आणि चार उमेदवार. पहिल्याला ५० टक्के मतं, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला १४, चौथ्याला ६. तिसरा आणि चौथा बाहेर. उरलेल्या ८० टक्क्यांत वाटणी: पहिल्याला ५ डेलिगेट, दुसऱ्याला ३. तिसऱ्याला शंभरातल्या चौदा लोकांनी मत दिलं होतं, पण त्याच्या हाती शून्य. त्याला १६ टक्के पडले असते तर चित्र वेगळं असतं. पोलमध्ये १४ आणि १६ हा किरकोळ फरक वाटतो. पोल छापणारे तर खाली बारीक अक्षरात लिहितात की आकडा चार टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. पण उमेदवारासाठी तो रिकाम्या हाताने घरी जाण्याचा किंवा न जाण्याचा फरक असतो.

आता यातली खरी गुंतागुंत. राज्याचे सगळे डेलिगेट एका गठ्ठ्यात नसतात. काही पूर्ण राज्याच्या निकालावर वाटले जातात आणि बरेचसे एकेका काँग्रेस मतदारसंघाच्या निकालावर. अमेरिकन संसदेसाठी राज्याचे जे मतदारसंघ पाडलेले असतात तेच हे. आपल्या लोकसभा मतदारसंघासारखे समजा. पंधरा टक्क्यांची अट राज्यालाही लागू आणि प्रत्येक मतदारसंघालाही वेगळी लागू.

यातून मोठ्या गमती होतात. एखाद्या मतदारसंघात ४ डेलिगेट आहेत आणि दोनच उमेदवार मैदानात आहेत. एकाने ६० टक्के मतं घेतली, दुसऱ्याने ४०. वीस टक्क्यांचा दणदणीत विजय! पण हिशोब केला तर पहिल्याच्या वाट्याला २.४ आणि दुसऱ्याच्या वाट्याला १.६ येतात. डेलिगेट म्हणजे माणूस, त्याचे तुकडे होत नाहीत. आधी पूर्णांक दिले, एकाला २, दुसऱ्याला १. उरला एक, तो ज्याचा उरलेला अंश मोठा त्याला. म्हणजे दुसऱ्याला. निकाल २-२. तीन-एक करायचं तर साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावं लागतं. शेजारच्या मतदारसंघात मात्र ३ डेलिगेट आहेत. तिथे ५१ विरुद्ध ४९ झालं तरी निकाल २-१. म्हणजे एका ठिकाणी वीस टक्क्यांची आघाडी वाया, दुसऱ्या ठिकाणी दोन टक्क्यांत एक डेलिगेट जास्त.

म्हणून मुरलेले प्रचारप्रमुख सम आणि विषम आकड्यांच्या मतदारसंघांची यादी करून पैसा आणि कार्यकर्ते कुठे पाठवायचे ते ठरवतात. हे कुठल्याही पोलमध्ये दिसत नाही.

जिंकूनही मागे पडणं

२००८ ची ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत हा या हिशोबाचा सगळ्यात चांगला धडा आहे. ८ जानेवारीला न्यू हॅम्पशायर राज्यात मतदान होतं. पोल सांगत होते की ओबामा पुढे आहेत, सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास. निकाल लागला तर हिलरी जिंकल्या, अडीच टक्क्यांच्या फरकाने. पोल इतके कसे चुकले यावर नंतर चिक्कार लिहिलं गेलं. आणि डेलिगेट? दोघांना ९-९. ज्या निकालाने सगळ्या देशात खळबळ उडवली त्याने डेलिगेटांच्या वहीत काहीच बदल केला नाही.

त्याच महिन्यात नेवाडात हिलरी यांनी कॉकस जिंकला, बातम्या त्यांच्याच नावाने झाल्या, पण डेलिगेट ओबामांना १३ आणि हिलरींना १२. कारण ओबामांचे मतदार राज्यभर योग्य जागी पसरलेले होते.

५ फेब्रुवारीला एकाच दिवशी वीसहून जास्त राज्यांत मतदान होतं. त्या दिवशी हिलरींनी न्यू जर्सी जिंकलं. मोठं राज्य, १०७ डेलिगेट, भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती. त्यांना ५९ मिळाले, ओबामांना ४८, म्हणजे ११ ची आघाडी. त्याच दिवशी ओबामांनी आयडाहो नावाचं छोटं राज्य जिंकलं, जिथे डेमोक्रॅटिक पक्षाला नोव्हेंबरमध्ये कुणी विचारत नाही. डेलिगेट फक्त १८, पण ओबामांना १५ आणि हिलरींना ३. आघाडी १२ ची. आयडाहोने न्यू जर्सीची भरपाई केली आणि वर एक जास्त दिला. हिलरींचे लोक मोठ्या राज्यांच्या मागे होते. ओबामांचे लोक वही घेऊन बसले होते. आमच्या मते ती निवडणूक भाषणांइतकीच त्या वहीने जिंकली.

मार्चमध्ये टेक्सासने तर कमाल केली. तिथे तेव्हा प्रायमरी आणि कॉकस दोन्ही होत. प्रायमरी हिलरींनी जिंकली, कॉकसमध्ये ओबामा पुढे गेले आणि सगळी बेरीज केल्यावर ओबामा ९९, हिलरी ९४. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनिया हिलरींनी नऊ टक्क्यांनी जिंकलं. लढत अजून जिवंत आहे असं सगळीकडे छापून आलं. त्या विजयातून त्यांना मिळालेली आघाडी होती १२ डेलिगेटची, ८५ विरुद्ध ७३. तोपर्यंत पिछाडी त्याच्या अनेक पट झाली होती.

पिछाडी का भरून निघत नाही, हे शंभराच्या हिशोबाने सहज कळतं. समजा एकूण १०० डेलिगेट आहेत, त्यातले ६० वाटून झाले. एकाकडे ३५, दुसऱ्याकडे २५. उरले ४०. मागे असलेल्याला ५१ गाठायला २६ हवेत. चाळीसातले सव्वीस म्हणजे ६५ टक्के. प्रमाणात वाटणी असल्याने त्याला आता उरलेल्या प्रत्येक राज्यात साधारण ६५-३५ ने जिंकावं लागेल. नुसतं जिंकून भागत नाही. दर वेळी तो ५५-४५ ने जिंकला तर मिरवणूक निघेल, हारतुरे होतील, पण शेवटी तो हरलेलाच असेल. कुणी ‘अमुक उमेदवाराने सलग तीन राज्यं जिंकली’ असं सांगितलं की आम्ही पहिल्यांदा हा भागाकार करतो.

पोल चुकतात ते कसे

८ मार्च २०१६, पुन्हा मिशिगन. हिलरी क्लिंटन विरुद्ध बर्नी सँडर्स. पोलची सरासरी हिलरींना २० टक्क्यांच्या वर आघाडी देत होती. आकडेवारीसाठी नावाजलेल्या फाइव्हथर्टीएट या संस्थेने त्यांच्या विजयाची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त धरली होती. निकाल: सँडर्स ४९.७, हिलरी ४८.३. अमेरिकन प्रायमरीच्या इतिहासातल्या पोलच्या मोठ्या फजित्यांमध्ये या दिवसाचं नाव घेतलं जातं.

कारणं नंतर शोधली गेली. पोलवाल्यांनी धरलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त तरुण मतदार आले. काही पोल घरच्या लँडलाइनवर आपोआप फोन लावून केलेले होते. अमेरिकेच्या कायद्यानुसार मशीनने मोबाईलला असा फोन लावता येत नाही आणि तरुणांच्या घरी लँडलाइन कुठे असते? शिवाय मिशिगनमध्ये कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं हे मतदार त्याच दिवशी ठरवू शकतो, त्यामुळे पक्षाशी बांधलेले नसलेले लोकही मोठ्या संख्येने आले. आणि २००८ ला तारखेच्या भांडणामुळे मिशिगनची प्रायमरी धड झालीच नव्हती. ओबामांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं. त्यामुळे मागचं उदाहरण पाहून अंदाज करायचीही सोय नव्हती.

त्या दिवशी डिअरबॉर्ननेही सँडर्स यांना मोठ्या फरकाने मत दिलं. अरब मुसलमानांची एवढी वस्ती असलेल्या शहराने एका यहुदी उमेदवाराला निवडलं याचं अमेरिकन माध्यमांना फार नवल वाटलं. त्यात नवल काय, आम्हाला कळलं नाही. माणूस काय बोलतो ते लोकांनी ऐकलं आणि मत दिलं.

आता त्याच दिवसाची वही उघडून बघा. मिशिगनमध्ये सँडर्स यांना ६७ डेलिगेट, हिलरींना ६३. चारची आघाडी. पण त्याच दिवशी मिसिसिपीतही मतदान होतं. तिथे हिलरींना ८२ टक्के मतं पडली आणि ३६ पैकी ३१ डेलिगेट मिळाले. दिवसाची बेरीज: हिलरी ९४, सँडर्स ७२. ज्या रात्री सगळं जग सँडर्स यांच्या विजयाची बातमी देत होतं, त्या रात्री ते २२ डेलिगेटनी आणखी मागे पडले. दोन्ही राज्यांत अट तीच, पद्धत तीच. फरक एवढाच की एक राज्य काठावर जिंकलं गेलं आणि दुसरं धुऊन काढलं गेलं.

पोल वाचताना आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी खास लक्षात ठेवावी. ‘अमेरिकन मुसलमानांपैकी इतके टक्के अमुकच्या बाजूने’ अशी बातमी येते तेव्हा विचारा की किती मुसलमानांना विचारलं? अमेरिकेत मुसलमान साधारण एक टक्का आहेत. हजार लोकांच्या देशव्यापी पोलमध्ये त्यातले दहा-बारा येणार. दहा माणसांत एकाने मत बदललं की मथळ्यातले दहा टक्के फिरले. असा आकडा चहाच्या टपरीवरच्या गप्पांपेक्षा जास्त विश्वासाचा नाही. फक्त मुसलमानांना वेगळं शोधून, पुरेशा संख्येने विचारलेलं असेल तरच त्याकडे बघावं. मोठ्या पोलचीही मर्यादा असतेच. सहाशे जणांच्या पोलमध्ये प्रत्येक उमेदवाराचा आकडा चार टक्के वर किंवा खाली असू शकतो. म्हणजे ४८ विरुद्ध ४४ हे प्रत्यक्षात ४५-४७ ही असू शकतं. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेचे एक्झिट पोल आठवा. बहुतेकांनी एनडीएला ३५० च्या वर नेऊन ठेवलं होतं, मिळाल्या २९३ जागा.

सुपरडेलिगेट आणि रिपब्लिकन पक्ष

डेमोक्रॅटिक पक्षात मतदारांनी न निवडलेले डेलिगेटही असतात: खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी. २०१६ ला ते सातशेच्या वर होते आणि बहुतेक हिलरींच्या बाजूचे. माध्यमं त्यांना पहिल्या दिवसापासून बेरजेत धरत होती, त्यामुळे सँडर्स कायम खूप मागे दिसत. अमेरिकन संसदेत निवडून आलेले पहिले मुसलमान, मिनेसोटाचे कीथ एलिसन, हे सँडर्स यांना पाठिंबा देणाऱ्या मोजक्या सुपरडेलिगेटपैकी एक. फक्त मतदारांनी निवडलेले डेलिगेट मोजले तरी हिलरी पुढेच होत्या, २,२०५ विरुद्ध १,८४६, पण निकाल आधीच ठरलाय ही भावना लोकांच्या मनातून गेली नाही. २०१८ ला पक्षाने नियम बदलला. आता निकाल आधीच स्पष्ट झालेला नसेल तर सुपरडेलिगेट पहिल्या फेरीत मत देऊ शकत नाहीत.

रिपब्लिकन पक्षात प्रमाणाची सक्ती नाही. अनेक राज्यांत पहिला येणारा सगळं किंवा जवळपास सगळं घेऊन जातो. २०१६ ला ट्रम्प यांनी साउथ कॅरोलायनात साडेबत्तीस टक्के मतांवर सगळेच्या सगळे ५० डेलिगेट घेतले. फ्लोरिडात ४६ टक्क्यांवर ९९. विरोधकांची मतं फुटलेली होती. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. मतविभागणी झाली की तिसऱ्याचा फायदा, हे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात निवडणुकीच्या आदल्या रात्री सांगितलं जातं.

पुन्हा डिअरबॉर्न

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. अनकमिटेड म्हणजे ‘आम्ही कुणालाच बांधलेलो नाही’ असं मत. आपल्या नोटासारखं वाटतं, पण एक मोठा फरक आहे. आपल्या लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी त्याचा कुणी प्रतिनिधी होत नाही. अनकमिटेडला डेलिगेट मिळतात. तो पर्याय एखाद्या उमेदवारासारखाच मोजला जातो, म्हणून पंधरा टक्क्यांची अटही त्याला लागते.

मोहीम चालवणाऱ्यांनी दहा हजार मतांचं लक्ष्य सांगितलं होतं. पडली एक लाखाहून जास्त, पण राज्याच्या हिशोबात ती १३ टक्के. उंबरठा पंधराचा. साधारण चौदा-पंधरा हजार मतं कमी पडली आणि पूर्ण राज्याच्या वाट्याचे सगळे डेलिगेट बायडन यांच्याकडे गेले.

दोन डेलिगेट आले ते मतदारसंघांतून. मिशिगनच्या तेरा मतदारसंघांपैकी दोनच ठिकाणी अनकमिटेड पंधराच्या वर गेलं. एक बारावा, ज्यात डिअरबॉर्न येतं. दुसरा सहावा, ज्यात ॲन आर्बर आणि तिथलं मिशिगन विद्यापीठ येतं. म्हणजे एक डेलिगेट अरब-मुस्लिम वस्तीच्या जोरावर आणि दुसरा मुख्यतः विद्यार्थ्यांच्या जोरावर. शहरात ५७ टक्के असूनही एकच का? कारण डेलिगेट शहराला मिळत नाही, मतदारसंघाला मिळतो. बाराव्या मतदारसंघात डिअरबॉर्नबरोबर आसपासची बरीच उपनगरं आहेत, तिथे बायडन यांना भरपूर मतं पडली. शहराची ५७ टक्के मतं त्या मोठ्या पातेल्यात मिसळली आणि पंधराच्या थोडी वर राहिली.

हॅमट्रॅमकचं तर याहून वाईट झालं. डेट्रॉइटला चिकटलेलं हे छोटं शहर, लोकसंख्या अठ्ठावीस हजारांच्या आसपास, येमेनी आणि बांगलादेशी लोकांची दाट वस्ती. २०२२ पासून तिथल्या नगर परिषदेत सगळे सदस्य मुसलमान होते. तिथेही अनकमिटेडला निम्म्याहून जास्त मतं पडली. पण हॅमट्रॅमक तेराव्या मतदारसंघात येतं, डेट्रॉइटच्या मोठ्या भागासोबत, आणि तिथे पंधराचा उंबरठा ओलांडला गेला नाही. या मतदारसंघाचं नाव मराठी वाचकांनी ऐकलेलं असेल: बेळगावात वाढलेले आणि मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार २०२२ ला इथूनच काँग्रेसमध्ये निवडून गेले. हॅमट्रॅमकच्या मतांतून डेलिगेट मिळाले शून्य. दोन शहरं, दोघांचा संताप सारखा, दोघांचं मत सारखं. मधून गेलेल्या एका रेषेमुळे एकाचा माणूस अधिवेशनात बसला, दुसऱ्याचा नाही.

एका आठवड्याने मिनेसोटात काय झालं ते बघा. तिथे अनकमिटेडला एकोणीस टक्क्यांच्या आसपास मतं पडली. संख्येने मिशिगनच्या निम्म्याहूनही कमी, पंचेचाळीस हजारांच्या घरात. पण पूर्ण राज्याचा उंबरठा ओलांडला गेला आणि डेलिगेट मिळाले ११. एक लाखाला दोन आणि पंचेचाळीस हजारांना अकरा. दुसऱ्या दिवशी हवाईत, जिथे मुसलमान हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कमी मतदानात २९ टक्के पडले आणि ७ डेलिगेट आले. देशभरात सगळे मिळून तीसच्या आसपास झाले. बायडन यांच्याकडे ३,८०० हून जास्त होते.

मग हे तीस लोक घेऊन काय मिळालं? यावर आमच्या ओळखीच्या लोकांतही दोन मतं आहेत. जुलैमध्ये बायडन यांनी माघार घेतली, कमला हॅरिस उमेदवार झाल्या. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात या डेलिगेटांनी मागणी केली की व्यासपीठावर एका पॅलेस्टिनी-अमेरिकन व्यक्तीला बोलू द्या. जॉर्जियाच्या आमदार रुवा रोमान यांचं नाव पुढे केलं गेलं. पक्षाने नकार दिला. ओलीस ठेवलेल्या एका तरुणाचे आईवडील व्यासपीठावर बोलले, ते बोलणंही ऐकण्यासारखं होतं. पण दुसऱ्या बाजूच्या दुःखाला तिथे जागा मिळाली नाही आणि डेलिगेटांनी सभागृहाबाहेर रात्रभर ठिय्या दिला. त्याच अधिवेशनात पॅलेस्टिनींच्या हक्कांवर एक अधिकृत चर्चासत्र मात्र झालं. ते मुख्य व्यासपीठावर नव्हतं, बाजूच्या हॉलमध्ये होतं, पण आधीच्या अधिवेशनांत तेवढंही नव्हतं.

काही जण म्हणतात, एवढ्या मेहनतीचं फळ एक बाजूचा हॉल? आमचं मत थोडं वेगळं आहे. अधिवेशनाच्या आत जाण्याचा परवाना डेलिगेटलाच मिळतो. बाहेर हजारो लोक घोषणा देत होते, त्यांच्याशी पक्षाला बोलावं लागलं नाही. या तिघा-चौघांशी बोलावं लागलं, नकार का दिला ते सांगावं लागलं, कारण ते पक्षाच्याच नियमांनी निवडून आलेले होते. नकार मिळाला हे खरं आहे आणि तो कडू होता.

नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनी मिशिगन सुमारे ८० हजार मतांनी जिंकलं. लगेच नवा मेसेज सुरू झाला: प्रायमरीत एक लाख अनकमिटेड, शेवटी ८० हजारांचा फरक, म्हणजे मुसलमानांनीच हरवलं. किंवा मुसलमानांनीच जिंकवलं, पाठवणारा कोण यावर ते अवलंबून. ही बेरीज-वजाबाकी चुकीची आहे. अनकमिटेडला मत देणारे सगळे मुसलमान नव्हते, ॲन आर्बरचे विद्यार्थी होते, इतरही होते. त्यातल्या कितींनी नोव्हेंबरमध्ये कुणाला मत दिलं हे दोन एकूण आकडे शेजारी ठेवून कळत नाही. डिअरबॉर्नमध्येच मतं ट्रम्प, हॅरिस आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन अशा तीन वाटांनी गेली.

न्यू जर्सी, शिकागो किंवा डेट्रॉइटच्या बाजूला ज्यांचे नातेवाईक आहेत आणि जे तिथले नागरिक म्हणून मत देतात, त्यांना पुढच्या वेळी फोनवर दोन गोष्टी विचारा: तुमचा काँग्रेस मतदारसंघ कितवा, आणि तिथे डेलिगेट किती? त्यांनाही बहुधा माहीत नसेल. राज्याच्या पक्षाच्या वेबसाइटवर ‘डेलिगेट सिलेक्शन प्लॅन’ नावाचा कागद असतो, मतदानाच्या कित्येक महिने आधी तयार झालेला, त्यात प्रत्येक मतदारसंघासमोर आकडा लिहिलेला असतो. डेलिगेट म्हणून स्वतः उभं राहायचा अर्ज कसा आणि कधीपर्यंत करायचा, तेही त्यातच सापडतं.